भांडी ऐकू येतात, माणसं नाही

श्रीधर,

तुझ्याविषयी चार ओळी लिहून दे असं मला सांगितलं होतं. जुन्या टीमच्या ग्रुपवर टाकायला, इंग्रजीत. कुठे शिकला, कोणकोणत्या प्रोजेक्टवर होता, स्वभाव कसा होता. लिहायला बसले तर प्रत्येक वाक्यात ‘तो’ यायला लागला. तो असा होता, तो तसा होता. मला जमेना. इतकी वर्षं तुला समोर बसवून, तुझ्याकडे तोंड करून सावकाश बोलायची सवय झालेली. आता पाठ फिरवून तुझ्याबद्दल कसं बोलू? शेवटी त्या ओळी नसीरभाईंनी लिहिल्या. मी हे लिहितेय. मराठीत, आणि तुलाच.

ती सकाळ मला काकूंनी, तुझ्या आईनं, सांगितली. तुमच्या घरात तुला हाक मारायची म्हणजे खोलीच्या दिव्याचं बटण दोनदा दाबायचं. तसा त्यांनी चहा झाल्यावर दिवा लावला, विझवला, लावला. तू आला नाहीस. रात्री काम करत बसला असेल, डोळे मिटून पडला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी चहावर ताटली झाकली, पुन्हा येऊन बटण दाबलं. मग आत गेल्या. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. आल्यागेल्या प्रत्येकानं तेवढं एक वाक्य धरून ठेवलंय, त्रास झाला नाही. काकू मात्र माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, “अगं, मी त्याच्यापुढे दिवा लावत विझवत उभी होते.” 

आपली ओळख झाली तो दिवस तू नेहमी चुकीचा सांगायचास. तुझ्या मते मीच आधी बोलले. नाही. मी कँटीनमध्ये फोनवर आईशी बोलत होते, आणि तू ताट घेऊन समोर येऊन उभा राहिलास. “तुम्ही मराठी?” मी म्हटलं, हो. “मी बी. पण हैदराबादी मराठी आहे, हसायचं नाही.” मी विचारलं, घरी कोण कोण? तर आजोबा वकील, काका वकील, वडील वारलेले, आई मराठीची शिक्षिका, इथल्याच कोठी भागात मागच्या गल्लीत चार पिढ्यांचं घर. काकांच्या ऑफिसात दोन वर्षं कागद लावून कंटाळलास आणि कॉम्प्युटरचा कोर्स करून इकडे आलास. मी सांगितलं की आम्ही नांदेडकडचे, बाबा पोस्टात, अंबरपेठला राहतो. आडनावही सांगितलं. तू मान हलवलीस आणि लोणचं पुढे केलंस.

मला ते फार आवडलं होतं. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे क्षणभर येतं आणि मग झाकलं जातं, ते आम्हाला लहानपणापासून वाचता येतं. तुझ्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, ऑफिसात एक बरा मुलगा आहे. आणि वर्षभरानं तू मला विचारतोस, “सुनंदा, तुझं आडनाव काय गं? तू कधी सांगितलंच नाहीस.” सांगितलं होतं रे. तुला ऐकूच आलं नव्हतं. हे कळल्यावर आपण दोघं इतके हसलो की नसीरभाई उठून बघायला आले. मग तू जरा गंभीर होऊन म्हणालास, “ऐकलं असतं तरी काय फरक पडला असता?” मी म्हटलं, “तो ऐकल्यावरच कळतो.” तू म्हणालास, “आता ऐकलं. बघ माझ्याकडे.” मी बघितलं. ठीक होतं.

पण तोवर तुला कमी ऐकू येतं हे मला कळलेलं होतं. क्लायंटनं कॉलवर एका पानावर फिफ्टीन नावं मागितली, तू फिफ्टीची सोय करून ठेवलीस. मीटिंगमध्ये सगळे हसले. तूही हसलास, पण सगळे हसून झाल्यावर. मग मी लक्ष ठेवायला लागले. तू नेहमीच सगळ्यांच्या नंतर हसायचास. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघायचास. कुणी मागून हाक मारली की विचारात असल्याचं सोंग करायचास. एकदा जिन्यात गाठून मी सरळ विचारलं, “श्रीधर, तुला ऐकू येत नाही का?” तू म्हणालास, “चहा? चल ना.” ते खरंच ऐकू आलं नव्हतं की सोंग होतं, हे मी नंतर कितीदा विचारलं. तू कधीच सांगितलं नाहीस.

चहा पिताना मात्र सगळं सांगितलंस. बारीक आवाज आधी जातात. स, श, फ. टाचणीच्या टोकाएवढे आवाज, ते गेले की शब्द भोकं पडल्यासारखे होतात. माझं नाव तुला ‘उनंदा’ ऐकू यायचं. तुझं स्वतःचं नाव कुणी घेतलं तर ‘ईधर’. “लोक मला इधर इधर म्हणतात, आणि मी उधर बघत बसतो,” तू म्हणालास. तुझे विनोद असेच असायचे, अवघड गोष्टीवर टाकलेल्या चादरीसारखे.

पुढच्या कॉलला मी तुझ्या शेजारची खुर्ची घेतली आणि चॅटच्या खिडकीत टाइप करायला लागले. क्लायंट काय म्हणतो, आपले मॅनेजर प्रसादगारू काय म्हणतात. कुणी ठरवलं नव्हतं. टीममध्ये फक्त नसीरभाईंना कळलं. ते आपल्या दोघांपेक्षा मोठे, कुणाच्या भानगडीत न पडणारे. त्यांनी काही न बोलता स्वतःची खुर्ची अशी सरकवली की मॅनेजरच्या जागेवरून माझा पडदा दिसू नये. “टाइपां मारो तुम, मैं हूँ इधर,” एवढंच म्हणाले.

मी सगळं टाइप करायची. एकदा पलीकडे क्लायंटच्या घरात कुत्रं भुंकायला लागलं, त्याला काही बोलताच येईना, सगळे हसत सुटले. मी लिहिलं, ‘कुत्रं भुंकतंय, थांबत नाही.’ नंतर तू विचारलंस, “कुत्रं कशाला टाइप केलंस? कामाचं काय होतं त्यात?” मी म्हटलं, “सगळे हसत होते. तू एकटा राहिला असतास.”  त्या दिवसापासून तू सगळ्यांबरोबर हसायला लागलास, अर्धा क्षण मागे, माझ्या बोटांच्या वेगानं.

मला हे तुला सांगायचं राहिलं. तुला वाटायचं मी तुझ्यासाठी करतेय. पण तोवर मी मीटिंगमध्ये बसायची ती माझी बोलायची पाळी येईपर्यंत. समोरचा बोलतोय तेवढ्यात माझं उत्तर तयार. तुझ्यासाठी शब्द न शब्द लिहायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की लोक काय म्हणतात आणि काय म्हणायचं टाळतात. आज कंपनीत माझी जी काही किंमत आहे, सुनंदाला विचारा, तिला क्लायंटचं मन कळतं, असं जे म्हणतात, ते तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून शिकले. आभार मानले असते तर तू वैतागला असतास. म्हणून राहिलं.

कानाच्या मशीनवरून आपली भांडणं व्हायची. कोठीच्या डॉक्टरांनी दिलेलं ते मशीन तू जेमतेम महिनाभर लावलंस आणि कपाटात टाकलंस. मी कटकट करायची, लाव रे, सवय होते हळूहळू. एकदा तू कँटीनमध्ये ते माझ्यासमोर ठेवलंस आणि शांतपणे म्हणालास, “सुनंदा, यात पंखा ऐकू येतो. खुर्च्या ऐकू येतात. आई आत भांडी घासते ते असं वाटतं की माझ्या डोक्यात घासतेय. भांडी ऐकू येतात, माणसं नाही. मग मी ते लावून काय करू?” त्यानंतर मी मशीनचं नाव काढलं नाही.

आणि तो दवाखाना! तिथल्या गोष्टी सांगताना तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना, बाकांवर सगळे कमी ऐकणारे लोक, आणि कंपाउंडर दारात उभा राहून नावं पुकारतोय. कुणी उठत नाही. तो आणखी ओरडतोय. तुझा नंबर दोनदा गेला. “कायकू ओरडायलाय तो?” तू म्हणायचास. “पाटीवर लिही की बाबा!”

मग काकूंनी फोनवर मेसेज करायला शिकून घेतलं. घरात तुझ्याशी ओरडून बोलावं लागतं हे त्यांना सोसत नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं वर्गात बोललेला तो आवाज, तो ओरडण्यासाठी नव्हता. काकू शुद्ध मराठीत, काना-मात्रा जागच्या जागी, मेसेज लिहायच्या. आणि तू फोन घेऊन माझ्याकडे यायचास. “आई काय म्हणतीय बघ ना.” मी वाचायची: ‘येताना गवार आणू नकोस, हल्ली कोवळी नसते.’ मला संकोच व्हायचा. आईनं मुलाला लिहिलेलं मी का वाचायचं?

शाळेत तू तेलुगू घेतलेलीस, हिंदी आठवीपर्यंत, पास होण्यापुरती. अक्षरं ओळखीची होती, पण वाचणं म्हणजे नाल्यातल्या दगडांवरून पलीकडे जाणं. मराठी तुझ्या घरात फक्त बोलली जायची. लहानपणी काकूंनी पुस्तक पुढे केलं की तू पतंग घेऊन गच्चीवर पळायचास. तुझी सगळी मराठी कानातली. आणि कान चालले होते. इंग्रजी तुला वाचता यायची, तेलुगू वाचता यायची, पण ज्या भाषेत आई तुला जेवायला बोलवायची ती तुझ्यापासून रोज थोडी थोडी निघून चालली होती. हे तू मला कधी असं बोलून दाखवलं नाहीस. मला ते त्या गवारीच्या मेसेजवरून कळलं.

मी म्हटलं, जेवण झाल्यावर रोज थोडं वाचायचं. तू म्हणालास, नक्को. मी म्हटलं, मग मी तुझ्या आईचे मेसेज वाचणार नाही. आमच्याकडे बाबांनी आम्हा भावंडांना घरीच मराठी शिकवलेली. अंबरपेठच्या विहारात रविवारी वंदना झाली की एकेकाला उभं करून वाचायला लावायचे, अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी तुला तसंच शिकवलं. तू ओठ हलवत, बोट ठेवून वाचायचास. ‘ळ’ आला की थांबायचास. “हा कायकू मधेच येतो?” एक दिवस तू काकूंचा मोठा मेसेज एकट्यानं वाचलास, काहीतरी पडदे धुवायला काढण्याबद्दल होता, आणि देवनागरीत उत्तर लिहिलंस: ‘आई मी काढतो तू खुरचीवर चढू नको.’ काकूंनी तुझी ‘खुर्ची’ दुरुस्त करून परत पाठवली. आणि पुढे लिहिलं होतं, ‘शाबास.’ तू मला ते दाखवलंस आणि उठून हात धुवायला गेलास. हात आधीच धुतलेले होते.

टाळेबंदी आली आणि सगळे घाबरले, तू मात्र सुटलास. घरून काम, सगळे कॉल पडद्यावर, आणि बोलणाऱ्याचं बोलणं खाली आपोआप अक्षरांत उमटायला लागलं. तुला माझी गरज राहिली नाही. मला वाईट वाटेल असं तुला वाटलं, म्हणून तू पहिले काही दिवस सांगितलंच नाहीस. वेड्या! मला तुझा तो काळ सगळ्यांत जास्त आठवतो. तू मीटिंगमध्ये कुणाचं बोलणं तोडून मुद्दा मांडायला लागलास. तुझ्या विनोदावर लोक हसायला लागले. टीमचा लीड म्हणून तुझंच नाव पुढे होतं, प्रसादगारूंनी तसं बोलूनही दाखवलं होतं.

मग ऑफिस पुन्हा सुरू झालं. मोठी खोली, लांब टेबल, एकावर एक बोलणारी माणसं, आणि तोंडावर मास्क. ओठही गेले. पुन्हा टाइप करते म्हटलं तर तू नको म्हणालास. “आता मला माहितीय नीट ऐकणं कसं असतं. उष्टं नको.” तू प्रसादगारूंना जाऊन सगळं सांगितलंस. मी कितीतरी वर्षं जे करायला सांगत होते ते तू स्वतःच्या मनानं केलंस, आणि मला फार अभिमान वाटला.

प्रसादगारू वाईट माणूस नव्हते. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, काळजी करू नकोस म्हणाले. आणि मग तुझी काळजी घेणं सुरू झालं. तुला त्रास नको म्हणून क्लायंटच्या कॉलमधून काढलं. त्रास नको म्हणून मीटिंगला बोलवायचं बंद केलं. लीडची जागा तुझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुलाला गेली, आणि तुझ्याकडे जुने रिपोर्ट तपासायचं काम आलं, जे कुणी वाचत नव्हतं. कुणी तुझा अपमान केला नाही. सगळे इतके गोड बोलत होते की भांडायला जागाच नव्हती. आणि नंतर, ज्यांना स्वतःहून नोकरी सोडायची आहे त्यांनी सोडावी, असं पत्रक निघालं, तेव्हा तू सही करून टाकलीस.

आपलं खरं भांडण तेव्हाचं. कँटीनमध्ये, भर दुपारी, डबे उघडे. मी म्हटलं, “सही मागे घे. एक मेल लिही. मीटिंग खोलीत न घेता प्रत्येकानं आपापल्या जागेवरून कॉलवर यावं, म्हणजे मला अक्षरं दिसतील. एवढंच मागायचंय तुला. मी खाली सही करते, नसीरभाई करतील.”

“नक्को.”

“घरात दोन पिढ्या वकिली आणि तुला एक अर्ज लिहवत नाही?”

“सुनंदा, मला मागायचं नाही.”

“हे मागणं नाही. हक्काचं आहे.”

तेव्हा तू ते बोललास. “तुमच्या लोकांना सवय असते लढायची. मला नाही.”

मी डबा तसाच टाकून उठले. तू मागून हाक मारलीस. मला ऐकू येत होतं. मी थांबले नाही.

तू नोकरी सोडल्यावर तुझ्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं. आपलं बोलणं बंद होतं. आणि मग एका रविवारी सकाळी तू अंबरपेठला आमच्या दारात उभा. मी आत निघून गेले. तू बाबांसमोर बसलास आणि सरळ सांगितलंस, “काका, मी सुनंदाला वाईट बोललो,” आणि काय बोललास तेही जसंच्या तसं सांगितलंस. मी आतून ऐकत होते.  मग बाबा जे बोलले ते तुला ऐकू जाईना, त्यांचे दात गेलेले, ओठ वाचता येईनात. बाबांनी मला हाक मारली. “ये गं, लिहून दे याला.” मी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि तू बोट ठेवून वाचलंस: ‘वाईट नाही बोललास, अर्धं बोललास. सवय आहे खरी. हौस नव्हती कुणालाच.’

तू ते दोनदा वाचलंस. मान वर केली नाहीस. आईनं तुला ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, तू मिरचीच्या ठेच्यानं लालबुंद झालास, बाबा हसले. आपण पुन्हा बोलायला लागलो. पण तो मेल लिहायला हवा होता की नाही, ते भांडण तिथेच राहिलं. तू माफी बोलण्याची मागितलीस. सही केल्याची नाही.

नसीरभाईंनीही नोकरी सोडली आणि विद्यानगरला झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन स्वतःचं छोटं काम सुरू केलं. तू त्यांच्याकडे गेलास. पहिलं काम काय मिळवलंस, तर कोठीच्या त्याच दवाखान्याचं! तूच डॉक्टरांच्या मागे लागलास. भिंतीवर पडदा लावायचा, ज्याचा नंबर आला त्याचं नाव मोठ्या अक्षरांत. तेलुगू, उर्दू, इंग्रजी. आणि मराठी. डॉक्टर म्हणाले, मराठी कशाला? तू म्हणालास, नांदेड-परभणीहून किती लोक येतात बघा की बाहेर. मराठी वाक्य तू स्वतः लिहिलंस आणि मला अभिमानानं पाठवलंस: ‘आत या, तुमची पाळी आली.’ मी ऑफिसात एकटीच खुदकन हसले. लिहिलं, पाळी नको. तू विचारलंस, कायकू? शुद्ध आहे, आईला विचारलं. मला ते समजावून सांगावं लागलं.  मग तुझा मेसेज आला, ‘आईनं मला का नाही सांगितलं?’

आपली शेवटची भेट विद्यानगरच्या त्या खोलीत. मी सहज डोकावले होते. तू खूश होतास, आणखी दोन दवाखान्यांनी पडदा मागितला होता. तू बारीक झाला होतास, मी म्हटलंही, तपासून घे. तू हात झटकलास. निघताना मला राहवलं नाही. मी पुन्हा काढलंच, “तेव्हा मेल लिहिला असतास तर आज तू तिथे लीड असतास.” तू चिडला नाहीस. म्हणालास, “लिहिला असता आणि ते नाही म्हणाले असते, तर मला कळलं असतं की इतक्या वर्षांनी मी त्यांना नको आहे. आता कसं, मला माहीत नाही. माहीत नसलेलं बरं असतं कधी कधी.” मी म्हटलं, हे भित्रेपणाचं बोलणं आहे. तू म्हणालास, “हौ.” आणि हसून मला जिन्यापर्यंत सोडायला आलास.

परवा प्रसादगारू तुझ्या घरी आले होते. तुझी बहीण गुलबर्ग्याहून आलीय, ती बाजारात गेलेली. काकू आतल्या खोलीत पडलेल्या. मीच चहा केला. त्यांनी तुझ्या फोटोकडे बघितलं, मग खाली सतरंजीकडे. तेलुगूत, हळू आवाजात मला म्हणाले, “त्यानं मागितलंच नाही, अम्मा. एकदा जरी मागितलं असतं. त्यानं कानाचं सांगितलं तेव्हाच मी वरच्यांना विचारून ठेवलं होतं. मीटिंगची सोय करायला ते तयार होते, लीडची जागाही. मला वाटलं, त्यालाच नको असेल. विषय काढला तर त्याला कमीपणा वाटेल, म्हणून मी गप्प राहिलो.”

मी विचारलं, “मग नंतर तरी का नाही सांगितलंत?”

ते कप हातात फिरवत बसले. त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं.

म्हणजे मी जिंकले, श्रीधर. एक मेल, चार ओळी. ते हो म्हणणार होते. इतकी वर्षं मी जे म्हणत होते ते बरोबर निघालं. तू काय म्हणाला असतास तेही मला ठाऊक आहे. “मयताच्या घरी येऊन कोण नाही म्हणतं, सुनंदा?” असेलही. तू असतास तर आपण भांडलो असतो, ते खरं बोलले की मन हलकं करून गेले. आता मी दोन्ही बाजूंनी एकटीच बोलते.

हे कुणाला दाखवणार नाही. ग्रुपवर टाकणार नाही, काकूंच्या हातात तर मुळीच पडू देणार नाही.

प्रसादगारू गेल्यावर काकू उठून बाहेर आल्या. भिंतीला धरून, हळूहळू. “ते साहेब एवढं काय बोलत होते गं?”

मी म्हटलं, “तुमच्या मुलासारखं काम कुणी करत नव्हतं, असं म्हणत होते.”

“इंग्रजीत म्हणाले?”

“नाही. तेलुगूत.”

काकूंनी थोडा विचार केला. “मग मनापासून म्हणाले असतील,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं, कप उचलले आणि आत जाऊन नळ मोठा सोडला.